दोन जाडीच्या केबल आणि एक बोल्ट

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एका रात्री जिन्याखालून जळका वास आला. मेन स्विच बंद करून पाहिले, तेव्हा मीटरकडून आलेली १६ चौरस मिलिमीटरची जुनी ॲल्युमिनियम केबल आणि स्वयंपाकघराकडे नेलेली ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल नुसती पिळून जोडलेली आढळली. वरची टेप वितळून काळी पडली होती. वरच्या मजल्यावर मुले झोपली होती. सुदैवाने अनर्थ टळला. मी इतिहासाचा शिक्षक; पुढचे सारे मी दुरुस्तीला आलेल्या वायरमनच्या शेजारी बसून शिकलो. पालकांच्या घरीही ते उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

वीज बहुधा तारेत नव्हे, सांध्यात दगा देते. दोन धातू नुसते टेकले, तर त्यांचा खरा स्पर्श मोजक्याच बिंदूंवर होतो आणि तेथे रोध वाढतो. सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम असला आणि त्यातून ३० अँपिअर प्रवाह गेला, तर ९० वॅट उष्णता निर्माण होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसे-कथलाचे डाख वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे टेप का वितळली ते उमगते.

यावर उपाय म्हणजे लग. लगचा एक भाग नळीसारखा, तर दुसरा चपटा आणि छिद्र असलेला असतो. प्रत्येक केबलला तिच्याच मापाचा लग हवा. बोल्टचे छिद्र मात्र दोन्हींचे सारखे असावे. लगवर ‘१६-८’ असे कोरलेले असते. म्हणजे १६ चौरस मिलिमीटरची केबल आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट. तिच्या जोडीला ‘६-८’ घ्यावा. बारीक केबल मोठ्या लगमध्ये दुमडून कोंबणे किंवा जाड केबलचे धागे कापून ती लहान लगमध्ये बसवणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. लग हातोडीने ठोकू नये; योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलनेच दाबावा.

मग दोन्ही लगचे चपटे भाग एकमेकांना थेट भिडवावेत. त्यांच्यामध्ये वॉशर घालू नये. वॉशर बाहेरच्या बाजूंना आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर. बोल्टचे काम वीज वाहण्याचे नव्हे, दोन पृष्ठभाग घट्ट दाबून धरण्याचे आहे.

ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. हवा लागताच त्यावर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर चढतो. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि ओलाव्यात तांब्याच्या सान्निध्याने झिजते. म्हणून ॲल्युमिनियमच्या केबलला बायमेटॅलिक लग वापरावा. तार ब्रशने घासून, ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावून मगच आत घालावी. तयार सांध्यावर इन्सुलेशन चढवून तो उघडून तपासता येईल अशा बंद पेटीत ठेवावा. भिंतीत गाडू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सांधा उत्तम असला, तरी जाड केबलच्या क्षमतेचा एमसीबी बारीक केबलचे रक्षण करीत नाही. जेथे केबल बारीक होते, तेथे तिच्या क्षमतेचा एमसीबी हवाच.

हे काम परवानाधारक वायरमननेच, वीजपुरवठा बंद करून करावे. आपले काम एवढेच, की त्याला चार प्रश्न विचारता यावेत: लग कोणत्या मापाचा? धातू कोणता? एमसीबी किती अँपिअरचा? शेवटची तपासणी कधी झाली?

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांना एक विनंती. वर्षातून एक दिवस वसतिगृहासाठी द्यावा आणि पुरवठा बंद करून प्रत्येक सांधा पाहावा. मुले निर्धास्त झोपतात, ती मोठ्यांनी हे पाहिले असेल या विश्वासावर.