झेंडा उतरवल्यानंतरचा ग्लेझोस

मंडळी, ग्रीस म्हटले की आपल्याला सॉक्रेटिस आठवतो, अलेक्झांडर आठवतो. आज मी ज्या ग्रीक माणसाची ओळख करून देणार आहे, तो शाळेत असताना औषधांच्या दुकानात नोकरी करीत होता. मानोलिस ग्लेझोस हे त्याचे नाव.

त्याचा जन्म १९२२ सालचा. नाक्सोस बेटावरचे अपिरान्थोस हे त्याचे गाव. या गावच्या डोंगरात एमरीच्या खाणी. आपला फिटर ज्या एमरी कागदाने लोखंड घासतो ना, त्याच जातीचा हा दगड. १९३५ साली हे कुटुंब अथेन्सला आले. पुढच्याच वर्षी मेटाक्सासची हुकूमशाही सुरू झाली, म्हणजे पोराला मिसरूड फुटले ते बंदीहुकुमांच्या राज्यात. १९३९ मध्ये त्याने समवयस्कांचा एक फॅसिस्टविरोधी गट उभारण्यात भाग घेतला. १९४० साली इटलीने ग्रीसवर हल्ला केला तेव्हा तो सैन्यात भरती व्हायला गेला. वय कमी म्हणून त्याला परत पाठवले.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या आणि अॅक्रोपोलिसच्या टेकडीवर स्वस्तिकाचा झेंडा चढला. सगळ्या शहराला तो दिसे. ग्लेझोस आणि त्याचा मित्र अपोस्तोलोस सांतास यांनी ठरवले की हा उतरवायचा. आता यापुढचे नीट ऐका. हे दोघे आधी कोठे गेले? वाचनालयात! अॅक्रोपोलिसविषयी जे मिळेल ते त्यांनी वाचून काढले. टेकडीच्या उत्तर अंगाला, कड्याच्या पोटात एक पुरातन भेग आहे, प्राचीन काळी लोक तिच्यातून पाण्यासाठी खाली उतरत, हे त्यांना त्या पुस्तकांत सापडले. मी स्वतः शाळा लवकर सोडलेला माणूस. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे या गोष्टीतला सुरा आणि कंदील मला तेवढा भावत नाही. ती पुस्तके भावतात.

३० मेच्या रात्री ते त्या भेगेतून वर चढले. पहारेकरी दुसऱ्या बाजूला होते. दोर सोडवताना दोघांची दमछाक झाली, पण झेंडा खाली आला. जर्मनांनी अज्ञात गुन्हेगारांना त्यांच्या गैरहजेरीतच देहान्ताची शिक्षा फर्मावली. ग्लेझोस तेव्हा अठरा वर्षांचा होता.

पुष्कळ लेखक येथेच थांबतात. एका रात्रीच्या पराक्रमाला टाळ्या सहज मिळतात. पण तेवढ्याने कोणी लोकांचा प्रतिनिधी होत नाही. त्याची खरी चढण पुढेच आहे. १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला पकडून त्याचे हाल केले, त्यात त्याला क्षय जडला. १९४३ मध्ये इटालियनांनी धरले, १९४४ मध्ये जर्मनांच्या ग्रीक हस्तकांनी. त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा धाकटा भाऊ निकोस याला गोळ्या घातल्या. मरणाच्या वाटेवर त्या पोराने आईला दोन शब्द लिहिले, ते टोपीच्या अस्तरावर.

महायुद्ध संपले, पण ग्रीसमध्ये गृहयुद्ध पेटले. ग्लेझोस 'रिझोस्पास्तिस' या कम्युनिस्ट दैनिकाचा संपादक होता. १९४८ मध्ये त्याला अटक झाली आणि देहान्ताची शिक्षाही झाली. नाझींचा झेंडा उतरवणाऱ्याला त्याच्याच देशातले न्यायालय मारायला निघाले, हे पाहून देशोदेशींहून निषेध झाले. १९५० साली त्या शिक्षेची जन्मठेप झाली.

कम्युनिस्ट पक्षावर तर बंदी होती. म्हणून १९५१ मध्ये डाव्यांनी 'एदा' नावाची आघाडी काढली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत तिचे दहा उमेदवार निवडून आले. त्यांतला एक ग्लेझोस. तो तुरुंगात, मतदार बाहेर! निवडून आल्यावर त्याने उपोषण आरंभले. मागणी काय, तर तुरुंगात आणि बेटांवर हद्दपारीत खितपत पडलेल्या आपल्या सहकारी प्रतिनिधींना सोडा. सातजण सुटले, तेव्हा त्याने अन्न घेतले. तो स्वतः मात्र आतच राहिला. त्याची सुटका झाली १९५४ च्या जुलैत. संप मिटवताना आधी कोणाला कामावर घ्यायचे यावर ज्यांनी रात्र रात्र घासाघीस केली आहे, त्यांना या उपोषणाचे मोल निराळे सांगायला नको.

१९५८ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली तो पुन्हा गजांआड गेला, आणि १९६१ मध्ये पुन्हा तुरुंगातूनच निवडून आला. पुढे १९८६ मध्ये हा माणूस आपल्या एमरीच्या गावी ग्रामप्रमुख झाला, आणि गावच्या कारभाराचे निर्णय साऱ्या गावकऱ्यांच्या सभेत घेण्याचा प्रयोग त्याने तेथे करून पाहिला.