कुलवृत्तांत

कुलवृत्तांत : एखाद्या कुलातील पिढ्यांचा मूळ पुरुषापासूनचा क्रम आणि त्या कुलातील व्यक्तींचे निवासस्थान, व्यवसाय, वतने, विवाहसंबंध, दत्तविधान व स्थलांतर यांची साधार माहिती देणारे लेखन. केवळ पिढ्यांचा क्रम दाखविणाऱ्या आलेखास वंशावळ किंवा वंशवृक्ष म्हणतात. कुलवृत्तांतात वंशावळ हा सांगाडा असून त्याभोवती कुलाचा इतिहास रचलेला असतो. महाराष्ट्रात वंशावळी लिहून ठेवल्या गेल्या, त्या मुख्यत्वे हक्क शाबीत करण्यासाठी. त्यामुळे ज्या घराण्यांकडे वतन वा इनाम होते, त्यांच्या वंशावळी दीर्घ व तपशीलवार मिळतात; ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांच्या नोंदी तुटक व विखुरलेल्या असतात. म्हणून कोणतीही नोंद हाती आल्यावर ती कोणी, कोणासमोर व कशासाठी केली, हे पाहणे कुलवृत्तांताच्या अभ्यासात प्रथम आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : वंश व वंशानुचरित यांचा समावेश पुराणांच्या पाच लक्षणांत केलेला आहे. नासिक येथील लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे आढळतात. राष्ट्रकूट, चालुक्य, शिलाहार आदी राजकुलांच्या ताम्रपटांत दानाच्या मजकुरापूर्वी दात्याच्या पूर्वजांची प्रशस्ती देण्याची पद्धत होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुलाचा विस्तृत मराठी शिलालेख हे या परंपरेचे उत्तरकालीन उदाहरण होय. भारताबाहेर चीनमध्ये कुलग्रंथांची परंपरा प्राचीन आहे. यूरोपात इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती झाली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चसाठी विवाह व बाप्तिस्मा यांची नोंद आवश्यक ठरविली. सामान्य माणसाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या कागदावर येण्यास तेथे धर्मसंस्था कारणीभूत झाली. महाराष्ट्रात ते कार्य बव्हंशी महसूलव्यवस्थेने व तीर्थक्षेत्रांनी केले.

वतन व वंशावळ : मध्ययुगीन महाराष्ट्रात देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण, जोशीपण, महारकी इ. वतने वंशपरंपरागत होती. वतनाच्या वाटण्या म्हणजे तक्षिमा होत आणि मान-पान थोरल्या शाखेकडे म्हणजे वडीलकीकडे जाई. त्यामुळे थोरली शाखा कोणती, दत्तक घेतला की नाही, परागंदा झालेल्याचा वंश कोणता, यांवरून भाऊबंदांत तंटे उभे राहत. अशा वेळी वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत, म्हणजे करीना, लिहून देत. गोतसभेत साक्षी होऊन महजर किंवा निवाडपत्र तयार होई. महजराखाली गावचे पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांची नावे येत. ज्यांस लिहिता येत नसे, ते आपली निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगर, तर इतरांची त्यांच्या व्यवसायातील हत्यार वा वस्तू असे. ज्या कारागीर व सेवेकरी कुलांची स्वतंत्र दप्तरे नाहीत, त्यांचे पूर्वज पुष्कळदा अशा निशाण्यांशेजारीच सापडतात.

करीन्यातील वंशावळ पक्षकाराने स्वतः सांगितलेली असते व तिच्यात आपला दावा बळकट करण्याचा हेतू असतो, हे विसरता येत नाही. प्रतिपक्षाचा करीना व निवाडा यांच्याशी ती ताडून पाहिल्यावरच तिचे मूल्य ठरते. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांची चौकशी केली. तीत इनामदारांनी सादर केलेल्या कैफियती, सनदांच्या नकला व वंशावळी पुणे पुराभिलेखागारात आहेत. त्याच ठिकाणच्या पेशवे दप्तरातील शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, पागा इ. विभागही उपयुक्त आहेत. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन अधिनियमामुळे वतनदार कुलांच्या नोंदी सरकारी नोंदवह्यांत आल्या. पुढे परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या व मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या अधिनियमाने नष्ट झाली. त्या अनुषंगाने झालेल्या फेरफारांतही वारसांची नावे आढळतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नासिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, प्रयाग, काशी, गया, हरद्वार इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. यजमान गाव, कुल व जात यांनुसार वाटलेले असल्याने मूळ गावाचे नाव ठाऊक असल्याखेरीज वही सापडणे कठीण असते. यात्रेकरू आपले, वडील-आजोबांचे, बंधूंचे व मुलांचे नाव लिहून मितीसह स्वाक्षरी करतो. तीर्थश्राद्धात पित्रादी तिघांबरोबर माता, पितामही व प्रपितामही, तसेच मातामहादिकांचा उच्चार होत असल्याने, इतर कागदांत न आढळणारी स्त्रियांची नावे या वह्यांत मिळण्याचा संभव असतो. हरद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण यूटा येथील जीनिऑलॉजिकल सोसायटीने १९७० नंतरच्या दशकात हाती घेतले.

मौखिक परंपरा : दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांत हेळवी ही भटकी जमात नेमून दिलेल्या कुलांच्या दारी जाऊन त्यांच्या पिढ्या सांगते व नव्या जन्मांची भर घालते, त्याबद्दल तिला धान्य वा रोख बिदागी मिळते. अन्यत्र भाट हे काम करतात. अलीकडच्या चारसहा पिढ्यांबाबत ही कथने विश्वसनीय ठरतात. त्यापलीकडे कुलाचा संबंध एखाद्या प्रसिद्ध राजवंशाशी जोडण्याची प्रवृत्ती दिसते. तो भाग ऐतिहासिक पुराव्याखेरीज स्वीकारता येत नाही.

आधुनिक नोंदी : एकोणिसाव्या शतकापासून सर्व थरांतील लोक सरकारी कागदांत येऊ लागले. गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी (कोतवाल बुक), शाळांची दाखल-खारीज पुस्तके, हक्कनोंदणीचे फेरफार (गाव नमुना ६), खरेदीखते व वाटणीपत्रे ही प्रमुख साधने होत. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मुळे नोंदणीत देशभर एकसूत्रता आली. वारसाच्या फेरफारात मृत खातेदाराचे वारस नात्यांसह लिहिलेले असल्यामुळे एका नोंदीत दोन वा तीन पिढ्या मिळतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विधवा, कन्या व माता पहिल्या वर्गातील वारस ठरल्या. तेव्हापासून या नोंदींत स्त्रियांची नावे अधिक प्रमाणात येतात. मुंबई सैन्यातील शिपायांच्या नोंदीही महत्त्वाच्या आहेत. भीमा-कोरेगाव येथील विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली असून, त्यांतील ‘नाक’ या उपपदाने संपणारी नावे महार सैनिकांची ओळख पटवितात.

गोव्यातील ख्रिस्ती कुलांसाठी चर्चची नोंदपुस्तके, तर हिंदू कुलांसाठी गावकऱ्यांचे कागद व देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या उपयोगी पडतात. गावकारीत कुलसमूहास ‘वांगड’ म्हणतात. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ मध्ये झाली. कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांचे कागद तेथील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत आगमनक्रमांक, पित्याचे नाव, गाव व जात यांच्या नोंदी असतात. मात्र नावांचे लेखन परभाषक लेखनिकाच्या कानाला जसे ऐकू आले तसे झालेले असल्याने मूळ रूप ताडून पाहावे लागते.

लिपी व कालगणना : जुन्या मराठी नोंदी मोडी लिपीत आहेत. मराठवाड्यातील निजामी राजवटीचे कागद उर्दू व फार्सीत असतात. कालगणनाही विविध आहेत. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, दक्षिणी फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. सुहूर वर्षाचा प्रारंभ मृगाच्या सूर्यापासून होतो, तर शकाचा चैत्रापासून. म्हणून महिना व तिथी पाहिल्याविना वर्ष निश्चित करू नये. फसली व सुहूर यांची गल्लत झाल्यास एखादी घटना नऊ वर्षांनी पुढेमागे जाते व पितापुत्रांची वये विसंगत होतात.

पडताळणी : महाराष्ट्रात नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे तीच नावे आलटूनपालटून येतात व दोन व्यक्ती एक समजण्याचा धोका उद्भवतो. आडनाव हा रक्तसंबंधाचा पुरावा नव्हे. देशपांडे, कुलकर्णी, जोशी ही आडनावे अधिकारावरून व व्यवसायावरून, तर ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे गावावरून पडलेली असल्याने भिन्न कुलांतही समान असतात. उलट, एकाच कुलाच्या शाखांनी निरनिराळी आडनावे घेतल्याची उदाहरणे आहेत. जुन्या कागदांत पुष्कळदा आडनाव नसतेच. म्हणून कुलदैवत, देवक वा गोत्र, मूळ गाव, शेताचे नाव व भाऊबंदांची नावे हे सर्व एकत्र जुळल्यासच दोन शाखा एक मानतात. पिढीचे सरासरी अंतर २५ ते ३० वर्षे धरल्यास ३५० वर्षांत बारा ते चौदा पिढ्या व्हाव्यात. वंशावळीत सातच पिढ्या असतील, तर मधली नावे गळालेली असतात.

स्त्रियांचा मागोवा घेणे सर्वांत कठीण. विवाहानंतर आडनावाबरोबर अनेक कुलांत व्यक्तिनामही बदलत असे. परिणामी माहेरच्या व सासरच्या नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत हे ओळखता येत नाही. आनुवंशिक चाचण्यांनी अलीकडे मातृ-पितृपरंपरेचे काही दुवे समजू लागले आहेत. परंतु त्यांवरून पूर्वजाचे नाव वा गाव कळत नाही. त्यासाठी कागदच लागतो.

मुद्रित कुलवृत्तांत : वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचे २२ खंड काढले (पहिला खंड १८९८). १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या चळवळीमुळे घराण्यांना आपल्याकडील कागदांचे मोल कळले व विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापण्याची प्रथा रुजली. यात कोकणस्थ ब्राह्मण कुलांचा पुढाकार होता. पुढे इतर ज्ञातींतील कुलांनीही ती उचलली. गो. स. सरदेसाई यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी संकलित केल्या. आरंभीच्या अनेक कुलवृत्तांतांत कन्यांचा वंश पुढे दाखविलेला नसतो आणि आधार कोठून घेतला हेही दिलेले नसते. नंतरच्या काही ग्रंथांत हे दोष दूर करण्याचा प्रयत्न दिसतो.

सद्यःस्थिती : वंशावळ हा आज केवळ कुलाभिमानाचा विषय उरलेला नाही. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यांसंबंधीच्या २००० च्या अधिनियमानुसार दाखल होणाऱ्या प्रकरणांत अर्जदारास वंशावळीचे शपथपत्र व पूर्वजांच्या नोंदी द्याव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा निर्णायक मानतात. ज्यांचे वाडवडील भटके, भूमिहीन वा निरक्षर होते व म्हणून ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांनाच जुना कागद दाखविण्याचा भार सर्वाधिक सोसावा लागतो. अशा कुटुंबांच्या बाबतीत शाळेच्या पुस्तकातील आजोबांची एक ओळही नातवाचे शिक्षण वा नोकरी ठरवू शकते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध राज्यभर घेण्यात आला. त्यावेळी महसूल, शिक्षण, कारागृह आदी विभागांची जुनी पुस्तके उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचकांची निकड प्रत्ययास आली.

जुन्या भूमी-अभिलेखांच्या संगणकीय प्रती काही जिल्ह्यांसाठी उपलब्ध झाल्या आहेत. तथापि प्रतिमा उपलब्ध होणे व ती वाचता येणे यांत अंतर आहे. त्यामुळे मोडीचे शिक्षण हे कागद जतन करण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. कसर, वाळवी व ओल यांनी खाजगी दप्तरांचे मोठे नुकसान होते. ती मूळ क्रम न बिघडविता पुराभिलेखागारांकडे सोपविणे वा त्यांच्या प्रती काढून ठेवणे इष्ट असते. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांसाठी ठरविला आहे. त्यामुळे आजवर वंशावळीतून गळत आलेले आईचे नाव यापुढच्या कुलवृत्तांतकारास मूळ नोंदीतच मिळू शकेल.