डाळ कमी, मग डाळ जास्त

"दाल तो कब की बंद कर दी, दीदी." झाशीत किडनीच्या रुग्णांना आहाराचा सल्ला देताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर व्रत नीट पाळल्याचं समाधान असतं. आणि बरेचदा तो माणूस डायलिसिसवर असतो. म्हणजे त्याला डाळ हवी असते, पूर्वी खायचा त्याहून जास्त.

हा घोळ का होतो ते आधी सांगते. किडनीचा जुनाट आजार पाच टप्प्यांत मोजतात. प्रथिनं पचली की युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी थकली असेल आणि डायलिसिस सुरू झालं नसेल, तर डॉक्टर प्रथिनं बेताची ठेवायला सांगतात, साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 36 ते 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. यंत्र रक्तातली घाण काढतं तेव्हा चांगला मालही वाहून जातो. रक्ताच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात. म्हणून आता किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला 60 ते 72 ग्रॅम. पण घरात दोन वर्षांपूर्वीचा कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि त्यावर 'डाळ बंद' असं लिहिलेलं असतं. मुळात तेव्हाही 'बेताची' म्हटलेलं असतं. 'बंद' हे घरच्यांनी काळजीपोटी केलेलं असतं.

मऊरानीपूरकडचे एक शेतकरी मुलाबरोबर आले होते. मुलगा खुशीत होता, कारण क्रिएटिनिन उतरलं होतं. मी वडिलांना हात पुढे करायला सांगितला. अंगठी दोऱ्याने गुंडाळून घट्ट केली होती, दंडावरचं मांस लोंबत होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच झिजले की आकडा खाली येतो, आणि घरात पेढे वाटायची तयारी होते. ते सकाळी एक पोळी दुधीच्या भाजीबरोबर, रात्री पुन्हा तेच खात होते. मुलगा म्हणाला, "डर लगता है, दीदी, क्या खिलाएँ." त्या भीतीला तोड मोजमापाची. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, 30 ग्रॅम कोरड्या डाळीत 6-7 ग्रॅम, 100 मिली दुधात 3 ग्रॅम. शाकाहारी घर होतं, म्हणून दोन वेळा घट्ट डाळ आणि थोडं घरचं पनीर असा मेळ बसवला.

यंत्रं सर्रास नव्हती तेव्हा आहार हेच औषध होतं. इटलीत 1963-64 मध्ये जोर्दानो, जोव्हान्नेत्ती आणि माज्जोरे या डॉक्टरांनी अतिशय कमी प्रथिनांचा आहार देऊन रुग्णांचा त्रास कमी करून दाखवला. त्यातली खरी मेख अशी, की प्रथिनं कमी केली तरी उष्मांक कमी करून चालत नाही. पोट भरलं नाही तर शरीर स्वतःचंच मांस जाळतं आणि युरिया उलट वाढतो. इटलीत त्यासाठी स्टार्चपासून खास पाव आणि पास्ता बनवावे लागले. आपल्या घरात साबुदाणा असतोच.

हे ऐकून इथल्या मराठी घरातल्या काकू चमकतात. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून इथे मराठी माणसं आहेत. 1842 मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न झालं ते गणेश मंदिर आजही आहे, आणि उपास आम्ही पुण्यापेक्षा काही कमी करत नाही. "साबुदाणा चालतो म्हणता? आणि मी सोडून दिला होता हो, ताई." साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात पोटॅशियम नगण्य. खिचडीतला त्रास शेंगदाण्याच्या कुटाचा आणि बटाट्याचा. म्हणून डायलिसिस नसलेल्यांना सांगते की कूट चमचाभर घ्या, बटाट्याच्या फोडी वेगळ्या उकडून पाणी फेकून द्या, जिऱ्याची फोडणी सढळ घाला. मधुमेह असेल तर वाटी लहान. वरई चालते. खजूर, केळं, राजगिऱ्याची वडी आणि इथल्या तळ्यांतले शिंगाडे मात्र रिपोर्ट बघितल्याशिवाय नाहीत.

आणि सैंधव. उपासाचं मीठ 'हलकं' असतं हा समज इथे घरोघरी आहे. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. रक्तदाब आणि सूज यांच्या दृष्टीने ते आणि साधं मीठ सारखंच. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं पाकीट तर आणखी वाईट, कारण सोडियमच्या जागी त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. मिठाशिवाय चव आणायची तर आलं, लसूण, जिरं, लिंबाचे थेंब. बरुआ सागरचं आलं जवळ असताना इथे रडायचं कारण नाही.

पोटॅशियमची गोष्ट जिवावरची असते. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 असावं. फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर माणसाला काही जाणवेलच असं नाही. भेटायला येणारे मोसंबीचा रस आणि शहाळं घेऊन येतात, प्रेमाने. ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांना हे दोन्ही नको. दुधी, दोडका, पडवळ, कोबी या भाज्या बऱ्यापैकी सोयीच्या. बटाटा, टोमॅटो, पालक यांना कात्री. भाजी चिरून नुसती भिजवण्यापेक्षा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्याने जास्त पोटॅशियम निघतं. ते पाणी आमटीत वापरलं की केलं सवरलं गेलं. काटकसरीची सवय, दुसरं काय! कमरख मात्र किडनीच्या कुठल्याच रुग्णाने खाऊ नये. त्या आंबट, ताऱ्यासारख्या फळात असलेलं द्रव्य निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूसुद्धा ओढवू शकतो. मिठाच्या बाबतीत मी घासाघीस करते, कमरखच्या बाबतीत नाही.

उन्हाळ्यात पाण्याचं भांडण. मे महिन्यात झाशीचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि डायलिसिसवरच्या माणसाला सांगायचं असतं की दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळव, तेवढंच पाणी. ज्यांचं डायलिसिस नाही आणि लघवी नीट होते त्यांना हे बंधन बहुधा नसतं. शेजाऱ्याचं ऐकून तेही पाणी तोडतात आणि किडनीला आणखी इजा करून घेतात. मोजमाप सोपं आहे. सकाळी दिवसभराचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं. चहा, ताक, कढी, डाळीचं पाणी प्यायलं की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. तहान मिठाने वाढते, म्हणून पन्ह्यात मीठ घालून पिणं म्हणजे दोन्हीकडून मार. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा छोटा खडा चघळावा, पण तोही हिशेबात धरावा. काळी कोल्ड्रिंक्स तर नकोतच. त्यांतलं फॉस्फरसही थकलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही, आणि ते डाळीतल्यापेक्षा कितीतरी सहज अंगात शोषलं जातं. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर ती बांधणार काय?

मधुमेहींच्या घरी आणखी एक फसवा आनंद होतो. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, साखर खाली येते, आणि लोक म्हणतात मधुमेह बरा झाला. खरं तर डोस कमी करायला डॉक्टरांकडे धावायला हवं. साखर एकदम उतरली तर संत्र्याचा रस नको, ग्लुकोज किंवा साधी साखर द्यायची.

2016 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना यंत्र मिळू लागलं, हे मोठं काम झालं. पण आठवड्यातले काही तास यंत्रावर जातात, उरलेल्या सगळ्या वेळचं गणित चुलीवर ठरतं, आणि ते समजावून सांगायला कुणाकडे अर्धा तास असतोच असं नाही. ललितपूर, दतिया, टीकमगढहून बस धरून येणारा माणूस परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेला असतो.

म्हणून सल्ल्याला येताना शेवटचे दोन रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि वैद्याची पुडी असेल तर तीही आणा. पुडीबद्दल रागावणार नाही, पण त्यात काय आहे ते कळायला हवं. आणि येताना मुलगा, जावई, गाडीवाला कुणीही असो, घरात स्वयंपाक जी करते तिला घेऊन या. कूट किती, मीठ कधी, पाणी कुठे ओततात, हे मला तिच्याशीच बोलायचं असतं.