लघवी गळतेय, पण कुठून?

बाळंतपणाला आठवडा होत नाही तोच काही बायकांची लघवी आपोआप वाहू लागते. खोकल्याचा किंवा वजन उचलण्याचा संबंध नसतो. झोपेतही गळती चालूच. घरचे म्हणतात, अंग सैल पडलंय, होईल बरं. वास येतो म्हणून ती बाई हळूहळू चार माणसांत बसणं सोडते.

मूळ कारण असतं अडलेलं बाळंतपण. बाळाचं डोकं कटीच्या हाडात तासन्‌तास अडकलं की मधे सापडलेली मूत्राशयाची आणि योनिमार्गाची भिंत चेपली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. मेलेला भाग बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसात गळून पडतो आणि तिथे भोक उरतं. याला फिस्टुला म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आशिया आणि आफ्रिकेत 20 लाखांहून अधिक तरुण बायका उपचारांविना हे सोसत आहेत. सिझेरियनमध्ये किंवा गर्भपिशवी काढताना इजा होऊनही असंच भोक पडू शकतं.

मुकुटबनसारख्या ठिकाणी या बाईचं निदान कसं व्हावं? झरी जामणी तालुक्यातलं हे गाव चुनखडी, कोळसा आणि सिमेंटमुळे ओळखलं जातं. आसपास कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटरवर. साहजिकच पहिली आठवण होते सोनोग्राफीची.

पडद्यावर लघवी काळी दिसते, मूत्राशयाची भिंत राखाडी. योनिमार्गातून प्रोब लावला, तर त्या राखाडी पट्ट्याला छेदून जाणारी काळी रेघ कधीकधी दिसते. कॅथेटरने सलाईन भरून पोटावर हलका दाब दिला, की कलर डॉपलरवर योनीकडे जाणारा झोत रंगात उमटतो. पण भोक मोठं असेल तर मूत्राशय भरतच नाही, आणि रिकाम्या मूत्राशयात बघायचं तरी काय? उलट भोक फारच बारीक असेल तर ते नजरेतून निसटतं. म्हणून सोनोग्राफी 'नॉर्मल' आली, एवढ्यावर बाईला घरी पाठवणं मला घातक वाटतं.

भोक शोधायला कापसाचे तीन बोळे जास्त कामाचे. ते योनिमार्गात एकावर एक ठेवायचे, मूत्राशयात निळा रंग सोडायचा आणि बाईला थोडं चालायला सांगायचं. मधला किंवा वरचा बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला. वरचा नुसताच ओला, रंग नाही, तर संशय मूत्रवाहिनीवर. इथे मात्र सोनोग्राफीला तोड नाही. मूत्रवाहिनी दुखावली असेल तर त्या बाजूची किडनी अनेकदा फुगलेली दिसते आणि मूत्राशयात ठरावीक वेळाने पडणारी लघवीची पिचकारी त्या बाजूने दिसत नाही. हे वेळीच कळलं नाही, तर किडनीच निकामी होऊ शकते.

मशीन पोडावर नेता येईल का? सोनोग्राफीत गर्भाचं लिंगही कळतं, म्हणून तिच्यावर कायद्याचं बंधन आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. पुढे आलेल्या केंद्रीय कायद्याच्या 2012 च्या नियमांनुसार पोर्टेबल मशीन नोंदणीकृत दवाखान्यात, नाहीतर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या पथकातच वापरता येतं. हे बंधन योग्यच आहे.

शिवाय खरी अडचण मशीनच्या आधीची. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तशी तपासणी झाली होती जेमतेम 8 टक्क्यांची. याच गडचिरोलीत नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची पद्धत आकाराला आली. आज आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात, नेमक्या गळती सुरू होण्याच्या दिवसांत. बाळाचं वजन करता करता त्यांनी एवढंच विचारावं, "बाई, लघवी आपसूक गळते का?" भोक लहान आणि ताजं असेल, तर चार ते सहा आठवडे कॅथेटर ठेवून ते काही जणींत शस्त्रक्रियेविनाच भरून येतं.