अशनी कीं साधा धोंडा?

विहीर खणतांना किंवा माळावर हिंडतांना एखादा काळाकुट्ट, जड धोंडा सांपडला, म्हणजे तो आकाशांतून पडला असावा अशी शंका मनांत येणें साहजिक आहे. महाराष्ट्रांत तर ती पदोपदीं यावी. कारण येथील बहुतेक भूमीच काळ्या कातळाची, म्हणजे बसाल्ट या थिजलेल्या लाव्हारसाची आहे.

चुंबक लावून पाहणें ही या कामीं सर्वांस ठाऊक असलेली परीक्षा. पण बसाल्टांत मॅग्नेटाइट नांवाचें लोहखनिज असल्यामुळें तोही चुंबकाकडे थोडाबहुत ओढला जातो. म्हणून दख्खनच्या पठारावर ही परीक्षा निर्णायक नव्हे. शिवाय तींत एक अनर्थ आहे. खऱ्या अशनीच्या अंगीं सूर्यमालेच्या बाल्यावस्थेंतील चुंबकत्वाची नोंद उरलेली असूं शकते. जोरदार चुंबक टेकविला, कीं ती क्षणांत पुसली जाते आणि मग कोणत्याही प्रयोगशाळेस ती परत मिळवितां येत नाहीं.

त्यापेक्षां डोळ्यांवर भिस्त ठेवावी. दगडाला बुडबुड्यांचीं छिद्रें असतील, तर तो बहुधा बसाल्ट किंवा भट्टींतील धातुमळी. अशनींत तीं सहसा नसतात. वातावरणांतून वेगानें येतांना अशनीचें बाह्यांग तेवढें वितळतें व त्याची काळी कवची बनते. ती बहुधा मिलिमीटरभरही जाड नसते. कोपरा आधींच उडालेला असेल, तर आंत पुष्कळदां सिमेंटासारखा करडा रंग, धातूचे चकचकीत कण आणि मोहरीसारखे बारीक गोल दाणे दिसतात. पृथ्वीवरील खडकांत धातुरूप लोखंड फारच विरळा.

तथापि या खुणाही सर्वत्र लागू पडत नाहींत. २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारांत शेरघाटी येथें सुमारें ५ किलो वजनाचा एक अशनी पडला. त्यांत ना ते दाणे, ना धातूचे कण. घडण जवळजवळ बसाल्टाची! पडतांना लोकांनीं पाहिला नसता, तर तो कोणी उचललाही नसता. १८७२ सालीं चेरमाक या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें त्यांत मॅस्केलिनाइट नांवाचा काचमय पदार्थ ओळखला. प्रचंड आघातानें फेल्डस्पार खनिजापासून तो बनतो. हा दगड मंगळावरून आलेला आहे हें विसाव्या शतकांत उमगलें. तोच पदार्थ लोणारच्या बसाल्टांतही असल्याचें १९७३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेथील विवर ज्वालामुखीचें नसून अशनीच्या आघाताचें ठरलें.

संशय उरल्यास दगड धुऊं नये, कापूं नये. स्वच्छ कागदांत गुंडाळून, सांपडल्याची जागा व दिवस लिहून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडे द्यावा. देशांत पडलेल्या अशनींचा मोठा संग्रह याच खात्यानें कोलकात्यास जतन केला आहे.