पहिल्या घासाचं औषध

मैत्रिणींनो, पावसाळ्याचे दिवस आले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तुम्ही जेवा ग, मला भूकच नाही.’ हे म्हणणारी कोण असते, कधी पाहिलंय? मुलं नसतात आणि त्यांचे बाबाही नसतात. सगळ्यांना गरमगरम वाढून झाल्यावर ओट्याशी उभी असलेली घरची बाईच ती. पोट जड झालेलं, ढेकरा येताहेत, दुपारचे अडीच वाजलेले. मग ती अर्धा कप चहा घेते आणि आवराआवरीला लागते.

पावसाळ्यात जठराग्नी मंदावतो, असं आयुर्वेद सांगतो. त्यात आपले उपासतापासही याच दिवसांत, आणि उपास म्हणून खायचं काय, तर साबुदाण्याची जड खिचडी! तेव्हा भूक मंदावली तर नवल नाही. त्यावर आपल्याकडे एक फार जुनं आणि घरात करता येण्याजोगं चूर्ण आहे, हिंगाष्टक. ते कसं करायचं, ते तर सांगतेच. पण ते कुणी घ्यावं आणि कुणी आधी दुसरीकडे लक्ष द्यावं, हेही आज बोलू या.

गुलमंडीवरची पिशवी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या बायकांना गुलमंडी काही नवी नाही. सुपारी हनुमानाला नमस्कार करायचा आणि खरेदीला लागायचं! लग्नाच्या साड्यांपासून हळदीकुंकवाच्या वाणापर्यंत सगळं तिथंच. पुढच्या खेपेला यादीत आणखी एक ओळ घाला. तिथल्या किंवा आसपासच्या काष्ठौषधीच्या दुकानात ‘हिंगाष्टकाचं सामान द्या’ म्हणा.

आठ जिन्नस मिळायला हवेत: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. पहिल्या तिघांना मिळून त्रिकटू म्हणतात. अजमोदा मागितल्यावर ओवा पुढं केला, तर विचारून घ्या. दोन्ही एकाच कुळातले, पण वस्तू निराळ्या. अजमोदा मिळालाच नाही, तर पुष्कळ घरांत ओवाच वापरतात.

हे चूर्ण वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितलं आहे. म्हणजे तेरा-चौदाशे वर्षं तरी त्याला झाली. आठव्या भागाच्या हिंगाबद्दल मात्र वैद्यमंडळींत दोन तऱ्हा आहेत. काही जण हिंगही बाकीच्यांइतकाच घेतात, काही जण एकेका जिनसाच्या आठव्या हिश्शाइतकाच. घरच्यासाठी दुसरी तऱ्हा बरी, कारण ती सौम्य पडते.

घरी करायचं तर

हिंग सोडून सातही वस्तू प्रत्येकी २० ग्रॅम आणि खडा हिंग अडीच ग्रॅम घ्या. जिरं, शहाजिरं आणि अजमोदा मंद आचेवर नुसते कोरडे होईपर्यंत परता, करपवू नका. हिंग चमचाभर साजूक तुपात फुलवून घ्या. सुंठ आणि पिंपळी आधी खलबत्त्यात ठेचा, नाहीतर मिक्सरचं पातं रुसतं! सगळं बारीक दळून चाळा आणि काचेच्या कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घातलात तर सैंधवाला पाणी सुटून आठ दिवसांत गठ्ठा होईल. दोन-तीन महिने पुरेल एवढंच करा, पुढं वास उडतो.

हिंगाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्या फोडणीच्या डबीतला हिंग हा नुसता हिंग नसतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. त्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. गहू सोसत नसेल त्यांनी तर हे पाहायलाच हवं. मूळ हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाचा चीक, तोही इराण-अफगाणिस्तानकडून येणारा. आपल्या देशात हिंगाची लागवड व्हावी म्हणून हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेनं पहिलं रोप लावलं, ते २०२० च्या ऑक्टोबरात. एवढ्या दूरची वस्तू, पण तिच्यावाचून आपलं वरण होत नाही!

पहिलाच घास का?

आता या चूर्णाची खरी गंमत. ते पाण्याबरोबर फाकायचं नाही, जेवण झाल्यावर ढेकर यावी म्हणूनही घ्यायचं नाही. गरम भाताच्या पहिल्या घासात पाव चमचा चूर्ण आणि वर तूप घालून ते जेवणाच्या आरंभी खायचं. पहिला घास आणि तूप, हे तर ग्रंथातच सांगितलं आहे. चूल पेटवून मगच तवा ठेवतो ना आपण, तसंच हे!

पण विचार करा, तुमचा पहिला घास कुठला असतो? मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, भाजीचं मीठ पाहायला चाटलेलं बोट आणि सगळे उठल्यावर गार भात. गरम भात, तूप आणि स्वस्थपणे बसून घेतलेला पहिला घास हे तिन्ही त्या चूर्णाच्या कृतीतच आहे. नेमकं तेच आपण वगळतो आणि बाकीचं आठ जिनसांकडून मागतो!

चिनी वैद्यही तेच म्हणतो

पोटाच्या औषधांवर एकट्या आयुर्वेदाचाच हक्क आहे, असं नाही. आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. इथल्या लोकांना युनानी हकिमांची ‘जवारिश कमूनी’ ठाऊक असते. कमून म्हणजे जिरं. जिरं, सुंठ, मिरी त्यातही आहेतच.

चीनमध्ये मात्र थोडं वेगळं आहे. तिथं पोटाच्या अशक्तपणावर ‘चार सज्जनांचा काढा’ म्हणून एक जुना काढा देतात. सुंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या संग्रहात, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, तो आला. त्यात जिनसेंगचं मूळ, बाइझू नावाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि भाजलेलं ज्येष्ठमध असतं. चारही सौम्य, म्हणून सज्जन! त्यात मिरी नाही, पिंपळी नाही. कारण हा काढा ज्या माणसासाठी, त्याचं पोट नुसतं सुस्तावलेलं नसतं. तो माणूसच थकलेला असतो. चेहरा पांढुरका, आवाज क्षीण, पायांत जोर नाही, भूक नाही.

ली दोंगयुआन नावाच्या चिनी वैद्यानं १२३२ साली कायफंग शहराला पडलेला वेढा पाहिला. वेढ्यानंतर लोक धडाधड आजारी पडले, तेव्हा त्यानं कारणं सांगितली ती उपासमारीची, अतिश्रमाची आणि काळजीची. पुढं १२४९ साली त्यानं पोट आणि पचन यांवर अख्खा ग्रंथच लिहिला. आपल्या घराला कुणी वेढा घातलेला नाही हो! पण अवेळी जेवण, दिवसभर राबणं आणि सतत काळजी, ही यादी ओळखीची वाटत नाही का?

तो काढा मागवून घ्या, असं मी सांगत नाहीये. जिनसेंग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर चालत नाही, ज्येष्ठमध फार झालं तर रक्तदाब वाढवतं. घ्यायचा तो त्यातला भेद घ्या. चूल पेटत नाही, त्याला कारणं दोन असतात. लाकूड ओलं असेल, तर फुंकर घालावी. लाकूडच नसेल, तर फुंकून काय होणार? राखच उडेल!

आपलं लाकूड तपासा

तुमचं पोट जेवणानंतर फुगतं, ढेकरा येतात, पण एरवी तुम्ही ठणठणीत आहात? मग हिंगाष्टक तुमच्यासाठी आहे. पण भूक नाही, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारी डोळ्यांवर अंधारी येते, असं असेल, तर चूर्णाची बरणी बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासून घ्या.

२०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एक! गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं, की रक्त कमी. आणि रक्त कमी झालं की भूकही मरते. भूक नाही म्हणून खाणं नाही, खाणं नाही म्हणून रक्त नाही, असं ते चक्र आहे. हे सुंठ-मिरीनं तुटत नाही. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, चहा किंवा दुधाबरोबर नको. जेवणाला लागून चहाही नको, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. थायरॉइडबद्दलही डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणखी काही गोष्टी गाठीला बांधा. छातीत जळजळ होत असेल, तोंड येत असेल, तर हे चूर्ण उष्ण पडेल. रक्तदाब असेल, तर त्यातलं मीठ मोजा. पोटुशी असाल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. सैंधव औषधापुरतं ठेवा, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनचं मीठच असू द्या. दोन आठवड्यांत भूक परतली नाही, वजन आपोआप उतरायला लागलं, घास गिळताना अडकला, शौचाला काळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपाय पुरे, सरळ डॉक्टर गाठा.

आणि एवढं करून चूर्ण घ्यायचंच ठरवलंत, तर ते ग्रंथात सांगितल्यासारखंच घ्या. भात उतरला की आपलंही ताट वाढून घ्या. सगळ्यांबरोबर बसा. ‘आधी तुम्ही जेवा’ म्हणू नका, ‘पोळ्या डब्यात आहेत, हातानं घ्या’ म्हणा. सासूबाई काही म्हणाल्या, तर बिनधास्त सांगा, वैद्यानंच सांगितलंय, औषध पहिल्या घासाचं आहे आणि भात गरम हवा. यात खोटं काहीच नाही!