पितळी गळे

निवडणुकीचा बिगुल आपल्याकडे दर पाच वर्षांनी वाजतो, पण तो कानांनी ऐकलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. रणशिंगही आपण लेखांतूनच फुंकतो. वर्गात हे वाक्प्रचार समजावून देता देता मी खऱ्या बिगुलाच्या मागे लागलो आणि येऊन पोचलो तो थेट अमेरिकेतल्या ‘ड्रम कोअर’पाशी. (स्पेलिंगात शेवटी ‘पी’ आणि ‘एस’ आहेत, उच्चारात दोघेही गुप्त!)

हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी आधी स्वतःची आणि मग गावोगावच्या मुलांची वाद्यपथके उभी केली. चामड्याची वाद्ये आणि बिगुल, एवढाच संसार. क्लॅरिनेट, बासरी वर्ज्य. पुढे स्पर्धा वाढल्या आणि १९७२ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे झाली. शंभराहून अधिक मुलेमुली फुटबॉलच्या मैदानावर कवायत करीत, प्रसंगी धावत वाजवतात. आणि वयाची अट मोठी कडक: एकविशी संपली की पथकाबाहेर.

आता त्या बिगुलाविषयी. मूळचा बिगुल म्हणजे नुसती वळवलेली नळी. ओठांच्या ताणावर त्यातून मोजकेच नैसर्गिक स्वर निघतात. मग बोटाने दाबायचा एक खटका आला, १९७७ मध्ये दोन खटक्यांना परवानगी मिळाली, १९९० मध्ये तिसऱ्याला. हे बिगुल ‘जी’ पट्टीचे. नेहमीच्या ट्रंपेटपेक्षा नळी लांब, आवाज खालचा, रुंद आणि जरा रांगडा. सुरात ठेवायला महाकठीण, पण मैदानभर पसरायला उत्तम.

मैदानावर वाजवायचे म्हटले की पहिला मोह होतो तो जोराचा. तिथेच पितळ माणसाला फसवते. हवा दणकून लोटली की मूळ स्वर मागे पडतो, वरचे तीक्ष्ण उपस्वर पुढे घुसतात आणि आवाज फाटतो. आपल्या लग्नाच्या वरातीत पुढे चालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून चांगल्या पथकांत मुलांच्या हाती वाद्य देण्याआधी श्वासाचेच व्यायाम करून घेतात. भरपूर हवा, पण सैल गळ्याने. आपले गवई ज्याला दमसास म्हणतात तोच हा. त्यात मैदान सुमारे ९१ मीटर लांब. एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पाव सेकंद उशिरा पोचतो. शेजाऱ्याचे ऐकून वाजवावे तर ताल जातो, न ऐकावे तर सूर जातो!

आणि अशा साठ-सत्तर पितळी तोंडांच्या गर्दीतून एकच मुलगा, नाहीतर मुलगी, पुढे येते आणि मागचे सारे गप्प होतात.

अशांपैकी एक बॉनी ऑट. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावच्या ‘ब्लू डेव्हिल्स’ पथकाने १९७६ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळवले, त्या काळातली ही मुलगी. तिचे वाद्य मेलोफोन. ट्रंपेटच्या खालच्या अंगाचे, मधल्या सप्तकात रमणारे, आणि एरवी कुणाचे लक्षही न जाणारे. वरच्या पट्टीत किंचाळून टाळ्या घेण्याची सोय त्यात नाही. अमेरिकेतल्या भाच्याने त्या काळची ध्वनिमुद्रणे पाठवली, त्यांत मी तिला ऐकले. बालगंधर्व पहिल्या ‘सा’लाच ओळखू यावेत तशी ती ओळखू येते. बॉनीचा भाऊ जिम ऑट हा त्याच पथकासाठी संगीतरचना करी. १९८० मध्ये मोटार-अपघातात तो गेला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम पितळी वादनाचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो.

न्यू जर्सीच्या बेयोन गावचे ‘ब्रिजमेन’ म्हणजे पिवळे लांब झगे आणि काळ्या हॅटा घालणारी खट्याळ मंडळी. त्यांच्यातला अल चेझ अगदी निराळा. लखलखीत, उडता, गर्दीला चिथावणारा सूर. पुढे दूरदर्शनवरच्या डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात तो वर्षानुवर्षे ट्रंपेट वाजवीत असे. मला स्वतःला मात्र रॉकफर्डच्या ‘फँटम रेजिमेंट’चा सामूहिक नाद अधिक भावतो. वाग्नरच्या ‘लोहेंग्रिन’मधली एल्साची मिरवणूक ते वाजवतात, तेव्हा पितळ वाजते आहे हेच क्षणभर विसरायला होते, शिसवी लाकडातून यावा तसा गडद, ऊबदार स्वर.

२००० पासून ‘जी’ पट्टीचे बंधन उठले आणि बहुतेक पथकांनी नेहमीचे ट्रंपेट, ट्यूबा घेतले. सूर पक्के झाले, यात शंका नाही. २००४ पासून ध्वनिवर्धकाला मुभा मिळाली आणि आता एकल वादक सरळ मायक्रोफोनपुढे उभा राहतो. यावर माझे नि भाच्याचे फोनवर चांगलेच जुंपते. तो म्हणतो, “मामा, तुमचे गवई तरी आता मायक्रोफोनशिवाय कुठे गातात?” खरे आहे. मायक्रोफोनने हळुवार वाजवण्याची सोय झाली, हेही मला मान्य. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने नुसत्या छातीच्या बळावर, आवाज फाटू न देता, हजारोंच्या शेवटच्या रांगेपर्यंत सूर नेऊन पोचवायचा, ही कसोटी त्याने काढून घेतली. सूर पिकायला लागतो न लागतो तोच वयाची अट आडवी येते. तेवढ्या दोन-चार उन्हाळ्यांत ज्यांनी तो पोचवला, त्यांची नावे म्हणून तर लोकांच्या तोंडी राहिली.

जुन्या पथकांतून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे स्वतःची हौशी मंडळे काढली. पोट सुटलेले, केस पिकलेले हे वादक सुटीच्या दिवशी जमतात, आणि त्यांतली काही मंडळे अजूनही तेच ‘जी’ पट्टीचे बिगुल घासूनपुसून हाती घेतात.